फुटबॉलमधले कृष्णवर्णीय आणि आफ्रिकन प्रशिक्षक : नेमणूक होते, मुदत कुठे मिळते?

मधली_फळी

काही वर्षांपूर्वी ब्लॅक फुटबॉलर्स पार्टनरशिप या इंग्लंडमधल्या खेळाडूंच्या गटाने एक अहवाल काढला होता. प्रीमियर लीग या तिथल्या सर्वोच्च लीगमधले ४३ टक्के खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, पण माजी खेळाडू निवृत्तीनंतर ज्या व्यवस्थापनाच्या जागांवर जातात तिथे त्यांचं प्रमाण जेमतेम ४.४ टक्के आहे, असं त्यात म्हटलं होतं. हे आकडे आले की चर्चा एकाच वळणाने जाते: संधी द्या, मुलाखतीला बोलवा, दार उघडा. ते हवंच. पण गेली कित्येक वर्षं हा खेळ बघून माझं मत असं झालंय की खरा अन्याय दारातून आत गेल्यानंतर होतो. काम मिळतं ते बुडत्या क्लबचं. यश आलं तरी मुदत मिळत नाही. आणि एकदा नारळ मिळाला की दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

सुरुवात जुन्या माणसापासून करतो. टोनी कॉलिन्स १९६० मध्ये रॉचडेल क्लबचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, झाले. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधले ते पहिले कृष्णवर्णीय मॅनेजर. रॉचडेल तेव्हा चौथ्या विभागात होतं, म्हणजे लीगच्या तळाला. हा क्लब त्यांनी १९६२ मध्ये लीग कपच्या अंतिम फेरीत नेला. नॉर्विचकडून हरले, पण चौथ्या विभागातून तिथवर पोचणं ही किती मोठी मजल आहे ते फुटबॉल बघणाऱ्यांना सांगायला नको. १९६७ मध्ये ते बाहेर पडले. पुढची हयात त्यांनी इतर क्लबांसाठी खेळाडू हेरण्यात घालवली, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. म्हणजे फुटबॉलची जाण वादातीत. मॅनेजरची खुर्ची मात्र पुन्हा तशी मिळाली नाही. लिंकन सिटीने कीथ अलेक्झांडर या आणखी एका कृष्णवर्णीय मॅनेजरला नेमलं तोवर १९९३ उजाडलं होतं.

आता ख्रिस ह्यूटन यांचं बघा. न्यूकॅसल २००९ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली घसरला. क्लब विकायला काढलेला, ड्रेसिंग रूममध्ये बेदिली. ह्यूटन यांनी तो संघ एका वर्षात चॅम्पियनशिप, म्हणजे दुसऱ्या स्तराची लीग, जिंकून परत वर आणला. वर आल्यावर ऑक्टोबर २०१० मध्ये सख्ख्या वैऱ्याला, सन्डरलंडला, ५-१ ने धुतलं. पुढच्याच आठवड्यात आर्सेनलला त्यांच्या मैदानावर हरवलं. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, संघ तक्त्याच्या मधोमध असताना, त्यांची हकालपट्टी झाली. कारण दिलं गेलं की क्लबला जास्त अनुभवी माणूस हवा आहे. नुकताच वर आलेला संघ मध्यावर असणं हे अपयश कसं, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. त्यांनीच पुढे २०१७ मध्ये ब्रायटनला प्रीमियर लीगमध्ये आणलं, दोन हंगाम टिकवलं, २०१९ मध्ये एफए कपच्या उपांत्य फेरीत नेलं, आणि तो हंगाम संपताच तिथूनही काढले गेले.

पॅरिस सेंट जर्मेनने डिसेंबर २०११ मध्ये आंत्वान कोंबुआरे यांना काढलं, तेव्हा संघ फ्रेंच लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. पहिल्या! नवे मालक आले होते, त्यांना मोठं नाव हवं होतं, इटलीचे नामांकित प्रशिक्षक आन्चेलॉत्ती आले. त्या हंगामाची लीग माँपेलिएने जिंकली.

आफ्रिकेतलं तर आणखी वेगळं. स्टीफन केशी यांनी टोगोसारख्या चिमुकल्या देशाला २००६ च्या विश्वचषकाची पात्रता मिळवून दिली. विश्वचषकाच्या आधीच त्यांना बाजूला करून जर्मनीचे ओट्टो फिस्टर आणले गेले. घाम एकाने गाळला, जर्मनीतल्या त्या विश्वचषकात डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकाठच्या प्रशिक्षकाच्या बाकावर, दुसराच बसला. केशी यांनी पुढे २०१३ मध्ये नायजेरियाला आफ्रिका चषक जिंकून दिला. खेळाडू म्हणून (१९९४) आणि प्रशिक्षक म्हणून हा चषक जिंकणारे त्यांच्याआधी एकटे इजिप्तचे महमूद अल-गोहरी होते.

तुमचं काय मत आहे? विशेषतः युरोपात राहणाऱ्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

कूपरेज

लेख आवडला, पण एक शंका. क्लबचा मालक शेकडो कोटी ओतून बसलेला असतो. त्याला जिंकायचं असतं. जिंकून देणारा माणूस काळा की गोरा हे बघायला त्याला सवड कुठे? मॅनेजरांची गच्छंती सगळ्यांचीच होते. इटलीच्या रानिएरी यांनी लेस्टरला लीग जिंकून दिली आणि नऊ महिन्यांत त्यांनाही घरी पाठवलं. शिवाय कृष्णवर्णीय डच खेळाडू रुड गुलिट? चेल्सीने १९९६ मध्ये त्यांना नेमलंच ना. बेल्जियमच्या कृष्णवर्णीय विन्सन्ट कोंपनी यांचा बर्नली २०२४ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली गेला, आणि त्याच महिन्यात बायर्न म्युनिकने त्यांना बोलावलं. पुढच्याच वर्षी त्यांनी बुंडेसलीगा जिंकली. मग अडतं कुठे?

मधली_फळी

कूपरेज, शंका रास्त आहे. रानिएरी यांना काढलं हे खरं, पण नंतर त्यांना नाँत, फुलहम, रोमा, सांपदोरिया, वॉटफर्ड, काल्यारी इतकी कामं मिळाली. माझा मुद्दा नेमका तोच आहे. हकालपट्टी या धंद्यात सगळ्यांच्याच वाट्याला येते, तिच्यानंतर फोन कोणाला येतो ते बघा.

पॉल इन्स २००८ मध्ये ब्लॅकबर्नला आले. प्रीमियर लीगमधले पहिले कृष्णवर्णीय इंग्लिश मॅनेजर. त्याआधी तळाच्या मॅकल्सफील्डला त्यांनी वाचवलं होतं, एमके डॉन्सला चौथ्या स्तराचं विजेतेपद आणि एक चषक जिंकून दिला होता. ब्लॅकबर्नमध्ये त्यांना लीगचे १७ सामने मिळाले. निकाल वाईट होते, तीनच विजय, हे मान्य. पण प्रीमियर लीगचं दार त्यानंतर त्यांच्यासाठी कधीच उघडलं नाही. जॉन बार्न्स यांचंही तेच. स्कॉटलंडच्या सेल्टिकमध्ये एक हंगामही पुरा होऊ दिला नाही, आणि पुढचं लीग क्लबचं काम ट्रॅनमियरचं, २००९ मध्ये. मधल्या काळात इतक्या मोठ्या खेळाडूला एकाही क्लबने घेतलं नाही.

गुलिट यांच्याबद्दल: १९९७ मध्ये त्यांनी चेल्सीला एफए कप जिंकून दिला. फेब्रुवारी १९९८ मध्ये संघ लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर असताना त्यांना काढलं. कराराच्या रकमेवरून वाद होता असं सांगतात, आणि तो असेलही. पण लीगमध्ये पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असताना हाकलले गेलेले मॅनेजर आठवून पाहा, यादी किती छोटी होते ती.

शेफिल्डकर

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं शेफिल्डमध्ये आहे, शेफिल्ड वेन्सडे या क्लबचा पाठीराखा. डॅरन मूर यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी वेस्ट ब्रॉमिच. एप्रिल २०१८ मध्ये संघ जवळजवळ बुडालेला असताना त्यांच्याकडे हंगामी जबाबदारी आली. मँचेस्टर युनायटेडला ओल्ड ट्रॅफर्डवर हरवलं, स्पर्सना हरवलं, महिन्याचा सर्वोत्तम मॅनेजर म्हणून प्रीमियर लीगचा पुरस्कार मिळाला. संघ तरीही खाली गेला, कारण उशीर झाला होता. मार्च २०१९ मध्ये चॅम्पियनशिपमध्ये चौथे असताना, म्हणजे बढतीची शेवटची जागा ठरवणाऱ्या प्लेऑफ सामन्यांच्या टप्प्यात असताना, त्यांना काढलं.

मग ते आमच्याकडे आले. २०२२-२३ मध्ये वेन्सडेने तिसऱ्या स्तरावर ९६ गुण मिळवले आणि तरी थेट बढती हुकली. प्लेऑफचा पहिला सामना पीटरबरोला, ४-० ने हरलो. इंग्लिश प्लेऑफच्या इतिहासात इतकी पिछाडी कोणी भरून काढलेली नव्हती. १८ मे ला हिल्सबरोवर परतीचा सामना होता. शेजारच्या खुर्चीवर बसणारे एक निवृत्त पोलाद कामगार आहेत, ते त्या दिवशी फक्त निरोप द्यायला आलोय म्हणाले. मध्यंतराला २-०. मग तिसरा गोल. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेच्या आठव्या मिनिटाला लियम पामरने चौथा मारला तेव्हा आजोबांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. जादा वेळेत एक त्यांचा, एक आमचा, मग पेनल्टीवर जिंकलो. अंतिम सामन्यात वेम्बलीवर बार्न्सलीविरुद्ध जॉश विंडासने १२३ व्या मिनिटाला डोक्याने गोल केला. त्या सबंध काळात मूर टचलाइनवर जवळजवळ निश्चल उभे असायचे, हाताची घडी घालून. पीटरबरोहून हरून आल्यावरही त्यांनी एकाही खेळाडूवर बोट ठेवलं नव्हतं.

आणि जूनमध्ये, त्या सामन्याला महिनाही झाला नव्हता, परस्पर संमतीने वेगळं झाल्याची घोषणा आली. आतल्या बोलण्यात काय घडलं यावर इथे दोन तट आहेत, त्यात मी शिरत नाही. पण असा चमत्कार करणाऱ्या माणसासाठी चॅम्पियनशिपमधले क्लब रांगेत उभे राहायला हवे होते. हडर्सफील्डने सप्टेंबरमध्ये बोलावलं, चार महिन्यांत काढलं. मग पोर्ट व्हेल, तिसऱ्या स्तराच्या तळाशी. तो संघ खाली गेला, पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, मूर यांनी तो परत वर आणला. दर वेळी पुन्हा पहिल्या पायरीपासून.

स्वाती_न

शेफिल्डकर, तुमचा प्रतिसाद वाचून तो सामना शोधून पाहिला. काय रात्र असेल!

या चर्चेत बायका कुठेच आल्या नाहीत म्हणून लिहिते. होप पॉवेल १९९८ मध्ये इंग्लंडच्या महिला संघाच्या प्रशिक्षक झाल्या, वय ३१. पंधरा वर्षं त्यांनी तो संघ सांभाळला. युएफा प्रो हा प्रशिक्षकांचा सर्वोच्च परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आज इंग्लंडच्या महिला फुटबॉलला जे वैभव आलंय त्याचा पाया घातला जात असताना डगआउटमध्ये एक कृष्णवर्णीय बाई होती, हे किती लोकांना माहीत असतं?

आणि दक्षिण आफ्रिकेच्या डेझिरी एलिस. केपटाउनच्या. वर्णभेदाच्या काळात वाढलेल्या, १९९३ मध्ये देशाचा महिला संघ पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्यात खेळलेल्या. प्रशिक्षक म्हणून २०२२ मध्ये आफ्रिका चषक जिंकला, २०२३ च्या विश्वचषकात इटलीला ३-२ ने हरवून संघ बाद फेरीत नेला. त्या विश्वचषकाच्या तोंडावर खेळाडूंचा महासंघाशी मानधनावरून वाद पेटला होता. तशा परिस्थितीत संघ एकत्र ठेवणं ही प्रशिक्षकाचीच कामगिरी आहे.

निळासावळा

आफ्रिकेबद्दल थोडं. मी कामानिमित्त पश्चिम आफ्रिकेत बराच काळ राहिलोय, तिथल्या चहाच्या टपऱ्यांवर हा वाद रोज रंगतो.

पिकतं तिथे विकत नाही, ही म्हण तिथल्या महासंघांना चपखल लागू होते. २०१८ च्या विश्वचषकात पाच आफ्रिकन संघांपैकी तिघांचे प्रशिक्षक परदेशी होते आणि ३२ संघांत एकच कृष्णवर्णीय प्रशिक्षक होता, सेनेगालचे अलियू सिसे. चारच वर्षांनी कतारमध्ये पाचही आफ्रिकन संघांचे प्रशिक्षक आफ्रिकन. मोरोक्कोने तर स्पर्धेला तीन महिने उरले असताना बोस्नियाच्या हालिलहोजिच यांना काढून वालिद रग्रागी यांना आणलं. त्यांच्या नेमणुकीवर खूप टवाळी झाली होती. संघाने बेल्जियम, स्पेन आणि पोर्तुगालला हरवलं आणि उपांत्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकन देश ठरला.

२०२४ च्या सुरुवातीला आयव्हरी कोस्टने स्वतःच्या देशात इक्वेटोरियल गिनीकडून ४-० मार खाल्ला. आबिजानमध्ये लोक अक्षरशः रडत होते. फ्रेंच प्रशिक्षक गासे गेले. महासंघाने एर्वे रेनार यांना फ्रान्सच्या महिला संघाकडून उसने मागितले! फ्रान्सने नकार दिला म्हणून सहायक एमेर्स फाये यांच्याकडे संघ आला. त्यांनी त्याआधी एकाही मोठ्या संघाचं मुख्य प्रशिक्षकपद भूषवलेलं नव्हतं. सेनेगाल, माली, काँगो आणि शेवटी नायजेरिया, सगळ्यांना हरवून त्यांनी चषक उचलला. नाइलाजाने दिलेल्या संधीतून हे घडलं, आपणहून दिली असती तर काय झालं असतं याचा विचार करा.

पण मधली_फळी, एक गुंता मांडतो. रग्रागी फ्रान्समध्ये जन्मले, फाये नाँतमध्ये, घानाचे ओटो अड्डो हॅम्बुर्गमध्ये. सिसे लहानपणीच फ्रान्सला गेले. २०१९ च्या आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यातले दोन्ही प्रशिक्षक, सिसे आणि अल्जेरियाचे बेलमादी, पॅरिसजवळच्या एकाच उपनगरात वाढलेले. त्यांचं कर्तृत्व यामुळे कमी होत नाही. पण लागोस किंवा बामाकोत शिकून, तिथल्याच लीगमध्ये घडलेल्या प्रशिक्षकाची वाट अजून तशीच बिकट आहे. ब्रिटनमध्ये परदेशी मॅनेजरला परवानगी हवी तर मोठ्या लीगमधला अनुभव दाखवावा लागतो. मोठ्या लीगमध्ये काम केल्याशिवाय तो अनुभव मिळत नाही. यातून सुटणार कसं?

दक्षिण आफ्रिकेच्या पित्सो मोसिमाने यांच्याकडे पाहा. २०१६ मध्ये तिथल्याच सनडाउन्स क्लबला आफ्रिकन चॅम्पियन्स लीग. मग कैरोचा अल अहली, आफ्रिकेतला सर्वांत मोठा क्लब. तिथे दोन वेळा तीच स्पर्धा, आणि क्लब विश्वचषकात सलग दोनदा तिसरा क्रमांक. २०२० चा अंतिम सामना झमालेकविरुद्ध, कैरोतला वैरी, टाळेबंदीमुळे स्टेडियम रिकामं, ८६ व्या मिनिटाला काफशाचा गोल. हे ज्याने जिंकलं त्याला युरोपातून बोलावणं आलं नाही. पुढचं मोठं काम सौदी अरेबियाच्या दुसऱ्या विभागात. तिथेही संघ वर आणून दाखवला. युरोपात असं कर्तृत्व असलेल्या प्रशिक्षकामागे दलाल धावले असते.

मधली_फळी

निळासावळा, हा गुंता मी मूळ लेखात घ्यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. भर घालतो: एन्डुबुइसी एग्बो हे नायजेरियाचे माजी गोलरक्षक. २०२० मध्ये त्यांनी टिराना क्लबला अल्बानियाची लीग जिंकून दिली. युरोपात देशाची सर्वोच्च लीग जिंकणारे ते पहिले आफ्रिकन प्रशिक्षक. म्हणजे दार होतं, पण ते अल्बानियात होतं, आणि त्या यशावर जर्मनी किंवा फ्रान्समधून कोणी हात पुढे केला नाही.

पेठकरी

कोल्हापूरकर आहे, म्हणून राहवलं नाही. आमच्या पेठांतल्या तालमींच्या संघांतून नायजेरियन खेळाडू खेळून गेलेत. शाहू स्टेडियमवर त्यांनी गोल केला की पोरं खांद्यावर घेऊन नाचतात. तेच गोव्यात, धेंपोत रांती मार्टिन्स आणि चर्चिल ब्रदर्समध्ये ओडाफा ओकोली, गोलांचा पाऊस पाडणारे. आपण त्यांचे पाय आणि दम बघतो. "ताकद आहे राव" यापुढे कौतुक जात नाही. डावपेच, वाचन, मैदानावर इतरांना जागा दाखवणं, हे त्यांच्याकडे असेल असं मनातही येत नाही. मार्च २०२४ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूला प्रेक्षकांनी शिव्या देत पाठलाग करून मारलं. इंग्लंडला नावं ठेवताना हेही समोर असू दे.

आणि आपल्याच प्रशिक्षकांचं काय? खालिद जमील यांनी मुंबईच्या कूपरेज मैदानावर मुंबई एफसीला तुटपुंज्या साधनांत वर्षानुवर्षं तारलं. २०१७ मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग ही तेव्हाची देशातली अव्वल लीग जिंकून दिली. तरी आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) भारतीय माणसाला कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक करायला २०२१ उजाडावं लागलं, तेही खालिदच. युरोपातून कोणीही आलं की त्याला आपोआप जास्त कळतं हा समज लागोसमध्ये आहे तसाच मडगाव-कोलकात्यातही आहे.

कूपरेज

खालिद यांचं उदाहरण माझ्या अगदी जवळचं, माझं नावच कूपरेज आहे. मुद्दा पोचला. आता उपायाचं बोला. अमेरिकन फुटबॉलमध्ये २००३ पासून रूनी नियम आहे, मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घेणं सक्तीचं. तिथे तरी काय बदललं? मुलाखतीचा फार्स होतो अशी तक्रार ब्रायन फ्लोरेस यांनी २०२२ मध्ये थेट कोर्टात नेली.

मधली_फळी

मुलाखत पुरेशी नाही, हे मलाही वाटतं. एफए या इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने राष्ट्रीय संघांच्या नेमणुकांसाठी २०१८ मध्ये असाच नियम घेतला, २०२० मध्ये क्लबांसाठी ऐच्छिक संहिता आली. ऐच्छिक म्हणजे मनाला येईल तेव्हा. त्यापेक्षा मला अलीकडचा नियम जास्त कामाचा वाटतो: व्यावसायिक क्लबांनी आपल्याकडे कोणत्या वंशाचे किती लोक काम करतात ही आकडेवारी जाहीर करायचीच. माझी मागणी त्यापुढची आहे. काढलेल्या प्रत्येक मॅनेजरला किती सामने मिळाले, काढताना संघ कितव्या क्रमांकावर होता, आणि पुढचं काम किती महिन्यांनी, कोणत्या स्तरावर मिळालं, हे दर हंगामाला छापा. सगळी माहिती उपलब्धच आहे, कोणी एकत्र मांडत नाही इतकंच.

दुसरं, आफ्रिकन महासंघाचा प्रो परवाना आता आहे. तो घेतलेल्या प्रशिक्षकाला युरोपात पुन्हा धुळाक्षरं गिरवायला लावू नका, थोडा पूरक अभ्यासक्रम ठेवा आणि मान्यता द्या.

निळासावळा

दुसऱ्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. फक्त त्या परवान्याचं शुल्क आणि जागा हाही प्रश्न आहे. वर्ग थोडे, देश ५४. शिवाय महासंघांनी पगार वेळेवर द्यायला हवेत. सन्डे ओलिसे यांनी २०१६ मध्ये नायजेरियाचं पद सोडलं तेव्हा थकलेलं मानधन हे एक कारण त्यांनी उघड सांगितलं होतं. घरचेच थकवतात तर बाहेरच्यांना काय बोलायचं.

शेफिल्डकर

मधली_फळी, तो तक्ता इंग्लंडच्या चार विभागांपुरता तरी आपणच करू या का? मी १९९३ पासूनची नावं आणि तारखा गोळा करायला तयार आहे. लियम रोसिनियर यांचं नाव त्यात नक्की घाला. २०२४ मध्ये हल सिटीला सातवं आणून काढले गेले, स्ट्रासबुर्गला जाऊन तो संघ युरोपीय स्पर्धेत नेला, आणि जानेवारी २०२६ मध्ये चेल्सीने नेमलं. म्हणजे इंग्लंडमध्ये वर यायला फ्रान्समार्गे यावं लागलं. त्यांचे वडील लेरॉय रोसिनियर यांची २००७ मध्ये टॉर्कीवर नेमणूक झाली आणि त्याच दिवशी क्लबचा मालक बदलल्यामुळे दहा मिनिटांत काम गेलं, तीही नोंद हवी.

मधली_फळी

नक्की. चार रकाने धरू: सामने, काढताना क्रमांक, मधला काळ, पुढचा स्तर. तुलनेसाठी त्याच क्लबमध्ये त्यांच्या आधी आणि नंतर आलेल्या मॅनेजरचे आकडेही घेऊ, नाहीतर कूपरेज यांची शंका तशीच राहील. मी ह्यूटन आणि इन्सपासून सुरू करतो, १९९३ ते २००५ तुम्ही घ्या. स्वाती_न, महिला संघांचा वेगळा तक्ता तुम्ही कराल का?

स्वाती_न

करते. पण २०११ पासून, महिलांची सुपर लीग तेव्हाच सुरू झाली.